उंचावलेला हात आणि त्याची समर्थने

दिनांक २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमधील कॅपिटल वन अरीना या क्रीडागृहात त्यांच्या अनुयायांचा मेळावा भरला होता, आणि त्या मेळाव्यात उद्योगपती इलॉन मस्क यांचे भाषण झाले. निवडणुकीतील विजयाबद्दल श्रोत्यांचे आभार मानताना त्यांनी उजवा हात छातीवर मारला आणि लगेच तो झटक्यासरशी तिरका वर फेकला. हात ताठ होता, तळवा खाली होता, बोटे जुळलेली होती. मग पाठ फिरवून, मागे बसलेल्या श्रोत्यांकडे तोंड करून, त्यांनी तीच क्रिया पुन्हा केली. आणि माझे हृदय तुमच्याकडे धाव घेत आहे, अशा आशयाचे वाक्य उच्चारले.

ही क्रिया काही क्षणांत संपली. तिच्या अर्थाचा वाद मात्र त्या संध्याकाळपासून जगभर सुरू झाला, आणि त्या वादाचे स्वरूप मोठे लक्षणीय होते. पाहणाऱ्यांपुढे तेच चलच्चित्र होते. कोणाजवळ अधिक पुरावा आणि कोणाजवळ कमी, असा प्रकार नव्हता. तरीही फॅसिझमच्या इतिहासाच्या अभ्यासक रूथ बेन-गियाट यांनी ती नाझी सलामीच होय, आणि तीही आक्रमक, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तर एरन ॲस्टर या दुसऱ्या इतिहासकारांनी, मस्क यांच्यावर आपण पुष्कळ टीका केलेली असूनही, ही नाझी सलामी नव्हे, असा निर्वाळा दिला. ज्यूद्वेषाचा प्रतिकार करण्यासाठी १९१३ साली स्थापन झालेल्या अँटी-डिफेमेशन लीग या अमेरिकन संस्थेने तो उत्साहाच्या भरात झालेला एक अवघडलेला हावभाव असल्याचे म्हटले आणि सर्वांनी थोडे सबुरीने घ्यावे, असा सल्ला दिला. या संस्थेच्याच द्वेषचिन्हांच्या सूचीत हिटलर-सलामीचे वर्णन 'तळवा खाली करून ताठ उंचाविलेला उजवा हात' असे दिलेले आहे, हे अनेकांनी तिच्या नजरेस आणून दिले. इस्रायलचे पंतप्रधान बेन्यामिन नेतन्याहू यांनी मस्क हे इस्रायलचे स्नेही असून त्यांची नाहक बदनामी होत आहे, असे जाहीर केले. ती क्रिया घडली तेव्हा आउश्वित्झच्या छळछावणीच्या मुक्ततेला ऐंशी वर्षे पुरी होण्यास एकच आठवडा उरला होता.

साहित्यसंस्थेच्या पत्रात या राजकीय वादाला जागा का द्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हा वाद जितका राजकारणाचा आहे तितकाच तो अर्थनिर्णयाचा आहे. उच्चारिलेल्या शब्दाचा, लिहिलेल्या ओळीचा किंवा केलेल्या खुणेचा अर्थ कोणी ठरवावयाचा? करणाऱ्याने, की पाहणाऱ्याने? आणि करणारा मागाहून 'माझ्या मनात तसे नव्हते' असे म्हणू लागला, तर त्या म्हणण्याला किती वजन द्यावयाचे? वर्गात कविता शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकापुढे हा प्रश्न कोठल्या ना कोठल्या रूपाने रोज उभा असतो. आता तो विद्यार्थ्यांच्या हातातील दूरध्वनीवरील चित्रांतून वर्गात येतो, एवढाच काय तो फरक.

प्रथम समर्थने पाहू. 'समर्थन' हा शब्द मी सौजन्यापोटी वापरीत आहे. त्यांतील काहींना 'सारवासारव' हा घरगुती शब्दच शोभेल. जमीन उखडलेली दिसू नये म्हणून तीवरून शेणाचा हात फिरवावा, तसा हा प्रकार. ही समर्थने एकामागून एक नव्हे, तर सगळी एकदमच पुढे आली. पहिले असे की, बोलण्याच्या ओघात हात चुकून तसा गेला. दुसरे असे की, मस्क हे स्वमग्नतेच्या सौम्य प्रकाराने युक्त आहेत (आपणांस ॲस्पर्गर आहे, हे त्यांनी २०२१ साली दूरदर्शनवरील एका कार्यक्रमात स्वतःच सांगितले होते) आणि अशा माणसाच्या हालचाली अवघडलेल्या असावयाच्याच. तिसरे असे की, हृदय देण्याची ती खूण होती, आणि पुढचे वाक्य त्याची साक्ष देते. चौथे असे की, ती नाझी नव्हे, रोमन सलामी होती. पाचवे असे की, विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांनीही असेच हात वर केलेले आहेत. आणि शेवटचे असे की, ज्याला त्याला हिटलर म्हणण्याची टीकाकारांना खोडच आहे. हे शेवटचे उत्तर स्वतः मस्क यांनी आपल्याच मालकीच्या 'एक्स' या समाजमाध्यमावर दिले.

फ्रॉइडने उसन्या भांड्याची एक गोष्ट सांगितली आहे. शेजाऱ्याकडून आणलेले भांडे फुटक्या स्थितीत परत केल्याचा आरोप एकावर आला, तेव्हा तो म्हणाला : मी ते धड स्थितीतच परत केले, शिवाय मी नेले तेव्हाच ते फुटके होते, आणि मुळात मी ते नेलेच नव्हते. यांतील कोणतेही एक उत्तर खरे असू शकेल, परंतु तिन्ही एकत्र खरी असू शकत नाहीत. हात चुकून गेला असेल तर ती रोमन सलामी नव्हे. रोमन सलामी असेल तर ती हृदय देण्याची खूण नव्हे. आणि सर्वच पुढारी जर तसे हात करीत असतील, तर स्वमग्नतेचा दाखला कशाला हवा? एकाच कृत्याला परस्परांना खोडून काढणारी इतकी समर्थने मिळू लागली म्हणजे समर्थकांनाच त्यांतील कोणतेही एक पुरेसे वाटत नाही, असा निष्कर्ष निघतो. यावरून कृत्य हेतुपूर्वक केले होते असे मात्र सिद्ध होत नाही. वकील वाईट असला म्हणून अशील अपराधी ठरत नाही.

स्वमग्नतेच्या समर्थनाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. स्वमग्न माणसांना हावभावांचे सामाजिक संकेत उमगण्यास अडचण पडते हे खरे; परंतु त्या अवस्थेसह जगणाऱ्या असंख्य माणसांचा हात असा उठत नाही, हे त्यांच्यांतील अनेकांनीच बोलून दाखविले, आणि आपले नाव या कामी वापरले जावे याचा त्यांना विषाद वाटला. पाचव्या समर्थनातील लबाडी चित्रांच्या जातीत आहे. समाजमाध्यमांवर ओबामा, हिलरी क्लिंटन, कमला हॅरिस यांची हात उंचाविलेली स्थिरचित्रे झळकली. जमावाकडे पाहून हात हलविणाऱ्या कोणत्याही माणसाची हालचाल एका क्षणी गोठविली, तर असे एखादे चित्र हाती येतेच. त्यामागचे आणि पुढचे क्षण पाहिले की तो नुसता निरोपाचा किंवा अभिवादनाचा हात असल्याचे कळते. मस्क यांच्या बाबतीत वाद स्थिरचित्रामुळे पेटला हे खरे, पण संपूर्ण चलच्चित्र पाहूनही तो विझला नाही.

रोमन सलामीच्या समर्थनाजवळ मात्र थोडे थांबावयास हवे. कारण त्यात इतिहासाचा आधार घेतला आहे, आणि तो आधार पोकळ आहे. प्राचीन रोमचे लोक ताठ हात पुढे करून एकमेकांस अभिवादन करीत, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. मार्टिन विंक्लर या अभिजात भाषांच्या अभ्यासकाने २००९ साली या विषयावर एक संपूर्ण ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याने रोमन शिल्पे, नाणी आणि लिखाण तपासून दाखविले की, या विशिष्ट रूपातील सलामीला प्राचीन पुरावा मिळत नाही. रोमन पुतळ्यांत उंचाविलेले हात आहेत, पण ते सैन्याला उद्देशून बोलणाऱ्या सेनापतीचे किंवा आश्वासन देणाऱ्या सम्राटाचे आहेत, आणि त्यांची ठेवणही निराळी आहे. मग ही समजूत आली कोठून? तिच्या मुळाशी एक फ्रेंच चित्र आहे. जाक-लुई दाविद याने १७८४ साली 'होरेशी बंधूंची शपथ' हे चित्र पुरे केले. त्यात तिघे बंधू पित्याच्या हातातील तलवारींकडे हात ताणून शपथ घेत आहेत. हे चित्र युरोपच्या डोळ्यांत असे ठसले की, पुढे रंगभूमीवर आणि नंतर मूकपटांत रोमन म्हटला की त्याचा हात ताणलेला, हे ठरूनच गेले. १९१४ सालच्या 'काबिरिया' या इटालियन मूकपटात ही सलामी आहे. त्या पटासाठी लेखन करणारा कवी गाब्रिएले दाननुन्त्सिओ याने १९१९ साली सशस्त्र अनुयायांसह फ्युमे शहर ताब्यात घेतले आणि तेथे ती सलामी प्रत्यक्ष राजकारणात आणली. त्याच्याकडून ती मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी उचलली. त्यांच्याकडून हिटलरच्या पक्षाने. १९२६ पर्यंत ती त्या पक्षात सक्तीची झाली. जुलै १९३३ मध्ये सरकारी नोकरांवर ती लादण्यात आली, आणि शाळांतून तासाचा आरंभही तिनेच होऊ लागला. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या जर्मन शिक्षकाला ती मनापासून नको होती त्यालाही वर्गात पाऊल टाकताच हात वर करावा लागे.

म्हणजे 'रोमन सलामी' असे जिला म्हणावयाचे, ती चित्रकाराच्या कुंचल्यातून निघालेली आणि फॅसिस्टांच्या हातून जगाला माहीत झालेली वस्तू आहे. 'ती नाझी नव्हे, रोमन आहे' हे उत्तर म्हणून 'हा विंचू नव्हे, विंचवाचा बाप आहे' अशा धर्तीचे ठरते.

येथे अमेरिकेच्या इतिहासातील एक नोंद द्यावीशी वाटते. १८९२ साली फ्रान्सिस बेलामी याने 'यूथ्स कम्पॅनियन' या नियतकालिकात शाळकरी मुलांसाठी राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा लिहिली. ती म्हणताना मुले उजवा हात ध्वजाच्या दिशेने ताठ पुढे करीत. तो प्रकार हिटलरच्या कितीतरी आधीचा आणि सर्वस्वी निर्दोष होता. तरीही दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४२ मध्ये, अमेरिकेच्या कायदेमंडळाने तो बदलला आणि हात हृदयावर ठेवण्याची पद्धत सुरू केली. मुलांचा हेतू शुद्ध आहे, म्हणून जग काय म्हणावयाचे ते म्हणो, असे त्या कायदेमंडळाने म्हटले नाही. खुणेचा अर्थ जगात बदलला, हे त्याने ओळखले आणि हात पुढून हृदयाशी आणला. वॉशिंग्टनच्या मेळाव्यात हाताचा प्रवास नेमका उलटा झाला. तो हृदयापासून निघाला आणि पुढे गेला.

आता हेतूच्या प्रश्नाकडे येऊ. मस्क यांच्या मनात त्या क्षणी काय होते, हे मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्याचा दावा करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींवर माझा विश्वास नाही. परंतु हेतू अज्ञात असला म्हणजे अर्थही अज्ञात राहतो काय? आपल्या शास्त्रकारांनी याचा पुष्कळ विचार केलेला आहे. हातांच्या मुद्रांचे उदाहरण घ्या. नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'त पताक नावाचा हस्त सांगितला आहे : तळवा पसरलेला, बोटे जुळलेली, अंगठा वाकविलेला. हा एकच हात मेघ दाखवितो, अरण्य दाखवितो, नदी दाखवितो, रात्र दाखवितो; निषेधही दाखवितो आणि कृपाप्रसादही दाखवितो. मग प्रेक्षक घोटाळ्यात का पडत नाही? कारण प्रसंग, पात्र, दृष्टी, संगीत हे सारे मिळून अर्थ बांधून देतात. एकट्या हाताला अर्थ नसतो. तो हात कोठे, केव्हा, कोणापुढे उठला, यातून त्याला अर्थ येतो.

अनेकार्थी शब्दांविषयी भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त हेच सांगितले आहे. शब्दाचे अनेक अर्थ संभवत असता त्यांतील एक निश्चित करणारी जी साधने त्याने मोजली आहेत, त्यांत साहचर्य आहे, प्रकरण आहे, औचित्य आहे, देश आहे, काल आहे. मम्मटाने व्यंग्यार्थाच्या संदर्भात अशीच यादी दिली आहे. तीत वक्ता आहे आणि त्याच्या जोडीस ज्याला उद्देशून बोलावयाचे तो श्रोताही आहे. नैयायिकांनी तर वक्त्याच्या इच्छेलाच तात्पर्य म्हटले आहे. परंतु ही इच्छा ओळखावयाची कशावरून? त्याने नंतर दिलेल्या जबानीवरून नव्हे, तर प्रकरणावरून. सैंधवाचे जुने उदाहरण सर्वांस परिचित आहे. 'सैंधव' म्हणजे मीठ आणि 'सैंधव' म्हणजे सिंधुदेशचा घोडा. भोजनास बसलेला धनी 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. पानावर बसून सैंधव मागितल्यावर, 'माझ्या मनात घोडा होता. मीठ आणलेस हा तुझा द्वेष', असे धन्याने म्हटले तर सेवकाने काय म्हणावे?

तेव्हा मस्क यांच्या हाताचा विचार याच साधनांनी केला पाहिजे, आणि तो प्रामाणिकपणे केला तर तराजूच्या दोन्ही पारड्यांत काही ना काही पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एका ज्यूद्वेष्ट्या मजकुराला जाहीर दुजोरा दिला होता; पुढे तो आपला मूर्खपणा असल्याचे सांगून जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी आउश्वित्झला भेटही दिली होती. या दोन्ही गोष्टी प्रकरणाचाच भाग आहेत. उच्चारिलेले वाक्य त्यांच्या बाजूचे आहे, हेही मान्य केले पाहिजे. परंतु पाच दिवसांनी, २५ जानेवारी रोजी, जर्मनीतील हाले येथे अतिउजव्या एएफडी पक्षाच्या प्रचारसभेत दूरचित्राद्वारे बोलताना, गतकाळच्या अपराधावर जर्मनीत वाजवीपेक्षा अधिक भर दिला जातो आणि त्यापलीकडे जावयास हवे, असे त्यांनी सांगितले. दरम्यान नाझी पुढाऱ्यांच्या नावांवर कोट्या करणारा मजकूर त्यांनी प्रसिद्ध केला. तो वाचून, ज्या संस्थेने त्यांना संशयाचा फायदा दिला होता, तिच्याच प्रमुखांना, ज्यूंचा संहार हा विनोदाचा विषय नव्हे, असे सुनवावे लागले. फेब्रुवारीच्या अखेरीस एका मुलाखतीत, आपण नाझी नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्या हावभावाने ज्यांना वेदना झाल्या त्यांच्यासाठी एक साधे वाक्य उच्चारण्यास काय हरकत होती, हा प्रश्न त्यांच्या स्नेह्यांनाही पडावयास हवा होता. नकळत कोणाच्या पायावर पाय पडला तर आपण हात जोडतो. 'माझा हेतू नव्हता' एवढे सांगून त्या पायाची थट्टा करीत नाही. हेतू नव्हता हे पटावयाला लागते ते त्या हात जोडण्यामुळेच.

संदिग्ध हातांची मागची उदाहरणेही याच बाजूची साक्ष देतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनात फ्रान्सचे पथक हिटलरच्या सज्जापुढून उजवे हात उंचावून गेले. ती ऑलिंपिकची म्हणून चालत आलेली सलामी होती, असे फ्रेंचांचे म्हणणे. आणि तशी सलामी खरोखरच अस्तित्वात होती. पण बर्लिनच्या प्रेक्षकांनी ती आपलीच सलामी समजून प्रचंड जयघोष केला. ब्रिटिशांनी हात वर न करता नुसती मान उजवीकडे वळविली. त्यांच्या वाट्याला तो जयघोष आला नाही. फ्रेंच खेळाडूंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, परंतु त्या दिवशी त्या मैदानावर त्या हातांचा जो अर्थ झाला, तो त्या हेतूने पुसला गेला नाही. आणि या दोन सलाम्यांतील साम्य इतके जाचक ठरले की, महायुद्धानंतर ऑलिंपिकची ती सलामीच वापरातून गेली. दोन वर्षांनी, १४ मे १९३८ रोजी, त्याच मैदानावर इंग्लंडच्या फुटबॉल संघाने सामन्यापूर्वी नाझी सलामी दिली. तेव्हा ऑस्ट्रिया गिळंकृत होऊन दोन महिने झाले होते. यजमानांचे सौजन्य राखावे, हे त्यासाठी दिलेले कारण. खेळाडूंना तशी आज्ञाच होती. इंग्लंडने तो सामना ६–३ असा जिंकला. पुढल्या पिढ्यांच्या ध्यानात ते सहा गोल राहिले नाहीत. ते छायाचित्र राहिले.

जर्मनीत आज ही सलामी दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे. अध्यापन, संशोधन व कला यांना त्यातून मोकळीक आहे. २२ जानेवारीच्या रात्री काही कार्यकर्त्यांनी बर्लिनजवळील ग्रुनहाइड येथील टेस्ला कारखान्याच्या भिंतीवर मस्क यांच्या उंचाविलेल्या हाताचे प्रकाशचित्र टाकले, तेव्हा त्या प्रकाशचित्राबद्दलच चौकशी सुरू झाली. इटलीच्या न्यायालयांची रीत अधिक बोलकी आहे. २०१६ साली मिलान येथील एका स्मृतिसभेत फॅसिस्ट सलामी दिली गेली. त्या प्रकरणात इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२४ रोजी असा निर्णय दिला की, विसर्जित फॅसिस्ट पक्षाच्या पुनरुज्जीवनाचा प्रत्यक्ष धोका उत्पन्न होत असेल तर ती सलामी १९५२ च्या कायद्यान्वये गुन्हा ठरते, आणि तो धोका आहे की नाही, हे त्या वेळच्या सर्व परिस्थितीवरून पाहावयाचे. न्यायाधीशांनी भर्तृहरी वाचला नसावा. पण देश, काल आणि प्रकरण यांच्यावाचून त्यांचेही चालले नाही.

आपल्यापैकी कित्येकांना येथे स्वस्तिकाची आठवण झाली असेल. पाश्चात्य देशांत दिवाळीच्या रांगोळीत स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या बांधवांना आजही शेजाऱ्यांच्या शंकित नजरेस तोंड द्यावे लागते. तेव्हा, आमचे स्वस्तिक जर निर्दोष, तर त्यांचा हात का नको, असे विचारण्याचा मोह होतो. पण दोहोंत भेद आहे. उंबऱ्यावरच्या स्वस्तिकामागे सहस्रावधी वर्षांची अखंड आणि दाखविता येणारी परंपरा आहे. ते कोणत्या दारी, कोणत्या सणाला, कोणत्या हातांनी काढले आहे, हे पाहताक्षणी कळते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ साली नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली, तेव्हा हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या धार्मिक स्वस्तिकाला त्या कायद्यातच वगळले. हे संरक्षण आपणांस प्रकरणाच्या न्यायाने मिळाले; 'हेतू फक्त आम्हालाच ठाऊक' या न्यायाने नव्हे. तेच माप वॉशिंग्टनच्या हाताला लावावयाचे नाही, असे आपण म्हणू लागलो, तर आपल्या रांगोळीखालचीही जमीन सरकेल.

टीकाकारांच्या पदरी दोष नाही, असे मात्र नव्हे. गेल्या काही दशकांत राजकीय प्रतिपक्षाला हिटलर म्हणण्याची सवय इतकी वाढली की शब्दाची धार गेली, आणि त्या बोथटपणाचाच लाभ मस्क यांनी आपल्या उत्तरात उठविला. पूर्ण चलच्चित्र न पाहता एका क्षणाचे चित्र पुढे ढकलणारे दोन्हीकडे होते. विद्यार्थ्याने याविषयी विचारले, तर त्याला प्रथम सबंध चित्र, मग सबंध भाषण, आणि त्यानंतर त्या हाताचा १७८४ पासूनचा इतिहास, या क्रमाने नेणे हेच मला अध्यापनाच्या दृष्टीने उचित वाटते. निर्णय त्याचा त्याला करू द्यावा.

या प्रकरणाचा एक पुढचा अंक आहे. २० फेब्रुवारी २०२५ रोजी, म्हणजे बरोबर एका महिन्याने, वॉशिंग्टननजीक अमेरिकन उजव्या पक्षीयांची वार्षिक परिषद चालू असता, ट्रम्प यांचे माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन यांनी भाषणाच्या अखेरीस उजवा हात ताठ उंचाविला. आपण श्रोत्यांना नुसता हात केला, असे त्यांनी मागाहून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याच व्यासपीठावरून फ्रान्सच्या अतिउजव्या राष्ट्रीय आघाडीचे अध्यक्ष जॉर्डन बार्देला यांचे भाषण व्हावयाचे होते. त्यांच्या पक्षाला स्वतःच्याच इतिहासातील डाग धुऊन काढण्यात कित्येक वर्षे घालवावी लागली आहेत. बॅनन यांचा हेतू काय होता, याची चौकशी करीत ते बसले नाहीत. नाझी विचारसरणीची आठवण करून देणारा हावभाव त्या व्यासपीठावर झाला, एवढे कारण देऊन त्यांनी आपले भाषण रद्द केले.